गाव सोडल्याचा दाखला

दिवाळी म्हणजे घरी येण्याचा सण, असे आपण धरून चालतो. मुंबईचा मुलगा गावी येतो, पुण्याची लेक माहेरी येते आणि आगगाडीत उभे राहायलाही जागा उरत नाही. पण जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत दिवाळीचे वारे उलटे वाहते. भात झोडून झालेले असते, नाचणी-वरई कणगीत पडलेली असते, वाघबारस पार पडलेली असते आणि मग घरटी दोन-चार माणसे बिऱ्हाड बांधू लागतात. कुणी वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जाते, कुणी नाशिककडे द्राक्षांच्या मळ्यांत, कुणी सरहद्द ओलांडून उंबरगाव, वापी, सिल्वासाकडे. काही शिमग्याला परततात, बाकीचे पावसाच्या तोंडाशी. वाचकांच्या हाती दिवाळी अंक पडतो त्याच सुमारास इकडच्या वाटांवर टेम्पो उभे राहतात.

शाळामास्तर म्हणून हे जाणे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. त्या पाहण्यातून एक प्रश्न मनात रुजला, तो आज वाचकांपुढे ठेवतो. माणूस एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेला की तो कोण आहे, कुठला आहे, त्याचा हक्क काय, हे सिद्ध करण्याचा भार कुणावर असावा? त्याच्यावर, की त्याला विचारणाऱ्यावर? प्रश्न दिसायला कचेरीतला आहे. माझ्या लेखी तो नीतीचा आहे.

आधी आपल्यासारख्या पांढरपेशा माणसाचे पाहू. समजा, एका बँकेतल्या गृहस्थांची बदली ठाण्याहून अहमदाबादेस झाली. सामान बांधण्याआधी त्यांच्यापुढे कागदांची एक लांबलचक यादी उभी राहते. मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले काढायचे. गॅसची जोडणी बदलून घ्यायची. मतदारयादीतले नाव हलवायला आठ नंबरचा नमुना भरायचा. आधारवरचा पत्ता बदलायचा. मोटार बरोबर न्यायची तर इकडच्या परिवहन कचेरीचे ना हरकत प्रमाणपत्र घ्यायचे, कारण बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीला तिकडचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. बायको म्हणते, "संसार हलवणे सोपे, पण कागद हलवणे कठीण!" त्यात खोटे काही नाही. तरी दोन-तीन महिन्यांत हे सारे मार्गी लागते. का लागते? तर कागदाला कागद जन्म देतो म्हणून. बँकेच्या बदलीच्या हुकुमावर भाड्याचे घर मिळते, भाडेकरारावर पत्ता मिळतो, पत्त्यावर उरलेले सगळे. ज्याच्यापाशी पहिला कागद आहे, त्याला शंभरावा मिळतोच. त्याच्या गाडीचीही सरकारला काळजी आहे. वारंवार बदली होणाऱ्या नोकरदारांच्या वाहनांसाठी २०२१ साली 'भारत' मालिकेचा क्रमांक निघाला. तो असला म्हणजे प्रांत बदलला तरी पाटी बदलावी लागत नाही.

आता मोखाड्याहून सरहद्दीपलीकडच्या भट्टीवर गेलेल्या कुटुंबाचा पत्ता सांगा पाहू! भट्टीच्या आवारात कच्च्या विटा रचून केलेली कंबरभर उंचीची भिंत आणि वर गवताचे किंवा प्लॅस्टिकचे छप्पर, हे त्यांचे घर. हंगाम संपला की तेही मोडते. त्याचा भाडेकरार नसतो, विजेचे बिल नसते, घराला नंबर नसतो. आमच्या बँकेतल्या गृहस्थांना जो पहिला कागद सहज मिळाला, तो इथे जन्मालाच येत नाही. मग शंभरावा कुठून येणार?

पण थोडे थांबून दुसराही एक विचार केला पाहिजे. ज्याला आपण 'परप्रांत' म्हणतो, तो या भागात आहे तरी किती जुना? जव्हार हे मुकण्यांचे संस्थान. सुमारे सहाशे वर्षे त्या महादेव कोळी घराण्याने इथे राज्य केले. शेजारचे मोखाडे मात्र इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्याचा पेटा म्हणून मोडत असे. म्हणजे १९४८ साली जव्हार मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत जव्हारचा माणूस मोखाड्याला सोयरीक करायला निघाला तर तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होता, आणि त्याची त्याला खबरही नसे. पलीकडे दादरा-नगरहवेलीत पोर्तुगीज होते. ते १९५४ साली गेले आणि १९६१ साली तो मुलूख भारतात सामील झाला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि इकडे राहिलेल्या गावांचा तलासरी तालुका झाला. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा निघाला.

या काळात उंबरगावकडची एखादी वारली म्हातारी आपल्या झोपडीच्या ओट्यावरून उठलीसुद्धा नसेल, आणि तरी तिचा प्रांत बदलला. तिने प्रांत ओलांडला नाही. प्रांतच तिला ओलांडून गेला. सीमेच्या दोन्ही अंगांना तेच वारली, तेच कोकणा, त्याच लग्नाच्या चौकाची तीच पांढरी चित्रे. रेघ कुणी तरी नकाशावर ओढली, आणि तिचा हिशेब मात्र चालणाऱ्या माणसाच्या पायांकडे मागितला जातो.

याचे सर्वांत कठीण उदाहरण म्हणजे जातीचा दाखला. अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपतींच्या ६ सप्टेंबर १९५० च्या आदेशाने निघाली आणि ती राज्यवार आहे. वारली जमात महाराष्ट्राच्या यादीत आहे आणि गुजरातच्याही यादीत आहे. तरी इकडचा वारली तिकडे जाऊन राहिला तर त्या राज्याच्या राखीव जागांवर त्याला हक्क सांगता येत नाही. तो आपल्या मूळ राज्याचाच वारली राहतो. सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न मर्री चंद्रशेखर राव यांच्या खटल्यात आला. आंध्रातल्या एका जमातीतला हा मुलगा वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणीच मुंबईला आला, इथे शिकला, आणि मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्याने राखीव जागा मागितली. १९९० साली न्यायालयाने ती नाकारली. २०१८ साली बीरसिंग खटल्यात राज्यांच्या नोकऱ्यांपुरते हेच तत्त्व पुन्हा उचलून धरले गेले.

मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला माणूस. न्यायाधीशांच्या निकालावर शहाणपण सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण निकालामागची कारणे समजून घेण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे, आणि ती कारणे हलकी नाहीत. मागासलेपण हे माणसाच्या रक्तात नसते, ते परिस्थितीत असते. एका मुलखात एखादी जमात पिचलेली असेल, दुसऱ्या मुलखात तीच तितकी पिचलेली नसेल. बाहेरून आलेल्यांनी तिथल्या दुबळ्यांचा वाटा नेला तर अन्याय त्यांच्यावर होतो. शिवाय खोट्या दाखल्यांचा रोग आपल्याच राज्यात किती माजला होता! १९९४ चा माधुरी पाटील खटला महादेव कोळी असल्याच्या खोट्या दाव्याचाच होता. जव्हारच्या राजघराण्याची जी जमात, तिच्या नावाने भलत्यांनी जागा घेतल्या, म्हणून न्यायालयाला पडताळणी समित्यांची पद्धत घालून द्यावी लागली. म्हणजे कागदाचा हा काच आदिवासींच्या भल्यासाठीच आला, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

इथेच नीतीचा खरा पेच आहे. पिकाभोवती काटेरी कुंपण घातले ते गुरांना अडवायला. पण कुंपणाला ओळखपाळख नसते. ते शेताच्या धन्यालाही ओरबाडते. पडताळणीला पुरावा लागतो तो १९५० च्या आधीचा, म्हणजे आजा-पणज्याची महसुलाच्या किंवा शाळेच्या दप्तरातली नोंद. ज्याचा आजा शाळेत गेला त्याचे नाव जुन्या रजिस्टरात सापडते. ज्याच्या आज्याने दुसऱ्याची गुरे राखली आणि शाळेची पायरी कधी पाहिली नाही, त्याचे नाव कुठे सापडणार? जो अधिक वंचित, त्याचा पुरावा अधिक तोकडा. वंचितपणाचा पुरावा मागावा आणि तो वंचितपणामुळेच देता येऊ नये, असा हा न्याय होतो.

घटनेतही याच जातीची एक गंमत आहे. १९ व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला देशभर फिरण्याचे आणि कुठेही वस्ती करण्याचे स्वातंत्र्य दिले. त्याच कलमाच्या पाचव्या पोटकलमाने त्यावर मर्यादा घालण्याची मुभा दिली, ती दोनच कारणांसाठी: सर्वसाधारण जनतेचे हित आणि अनुसूचित जमातींच्या हिताचे रक्षण. घटनाकारांच्या डोळ्यांपुढे चित्र होते ते आदिवासींच्या मुलखात बाहेरचे लोक घुसतील याचे. आदिवासीच पोटासाठी बाहेर पडेल आणि परमुलखात उपरा ठरेल, तेव्हा त्याचे रक्षण कसे करायचे, त्याची वाट मात्र तितकीशी आखलेली नाही.

मग काय कागदच नकोत? असे म्हणणारे भाबडे लोक मला भेटतात. त्यांना जुना काळ पुण्याचा वाटतो. पण कागद नसलेल्या काळात याच मुलखातल्या जमिनी सावकारांच्या आणि जमीनदारांच्या घशात गेल्या आणि वेठबिगारी पिढ्यानुपिढ्या चालली. वारल्यांना तिच्याविरुद्ध उठाव करावा लागला तो १९४५ साली. सातबाऱ्यावरचे नाव, वनहक्काचा दावा, मजुरीची नोंद हीच दुबळ्याची शस्त्रे आहेत. कागदाशी माझे भांडण नाही. कागद कुणी लिहायचा, कुणी सांभाळायचा आणि नसला तर शिक्षा कुणी भोगायची, एवढेच मी विचारतो.

आणि वाचकहो, एक कागद असा आहे की त्याला प्रांताची अडचण कधीच येत नाही. तो म्हणजे मुकादमाची वही. पावसाळ्यात घरातले दाणे संपतात, लग्नकार्य निघते, आजारपण येते, तेव्हा मुकादम बयाणा देतो. वहीत नाव आणि आकडा पडतो, फार तर खाली अंगठा उठतो. ही वही वसईला चालते, वापीला चालते, सिल्वासालाही चालते. तिला साक्षांकित प्रत लागत नाही, रहिवासाचा दाखला लागत नाही, तीन महिन्यांची मुदत लागत नाही. माणूस भट्टीवर पोचण्याआधी त्याचे कर्ज तिथे पोचलेले असते. त्याचे रेशन, त्याचे मत, त्याच्या मुलाची शाळा, त्याच्या जमातीचे नाव हे सारे सरहद्दीपाशी अडखळते; एकटे कर्ज तेवढे बिनबोभाट ओलांडून जाते. ज्या व्यवस्थेत माणसाचे देणे त्याच्याबरोबर चालते आणि त्याचे घेणे मागे राहते, ती व्यवस्था कितीही नीटनेटक्या अक्षरांत लिहिलेली असली तरी तिला न्याय्य म्हणता येणार नाही.

हे बदलता येत नाही असे मात्र कुणी सांगू नये. रेशनचेच उदाहरण घ्या. पूर्वी शिधापत्रिका एका दुकानाला खिळलेली असे. गाव सुटले की धान्य सुटले. ऑगस्ट २०१९ मध्ये परराज्यातही धान्य उचलता येण्याची योजना सुरू झाली, ती पहिल्याने राज्यांच्या दोन जोड्यांत: आंध्र-तेलंगण आणि आपले महाराष्ट्र-गुजरात. पुढल्याच वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी आली, हमरस्त्यांवरून पायी चाललेले मजूर साऱ्या देशाने पाहिले, आणि २९ जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने राहिलेल्या राज्यांना ३१ जुलैपर्यंत ही योजना लागू करायला सांगितले. आता दरमाणशी महिन्याच्या पाच किलोंपैकी काही वाटा गावातल्या म्हाताऱ्यांनी इथे उचलावा आणि उरलेला कमावत्यांनी भट्टीजवळच्या दुकानात, असेही करता येते. एक कुटुंब एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकते, ही साधी गोष्ट सरकारी हिशेबाला प्रथमच उमजली.

त्यात खोट नाही असे नाही. माती कालवून आणि विटा थापून ज्यांच्या बोटांच्या रेषा पुसल्या गेल्या, त्यांचा अंगठा यंत्र ओळखत नाही. ज्या हातांनी शहरे उभारली ते हात यंत्राला परके वाटतात. तरीही बदल मोठा आहे, आणि तो यंत्रापेक्षा प्रश्नात अधिक आहे. पूर्वीचा दुकानदार विचारी, "तू कुठला?" आता त्याला विचारावे लागते, "तुझा किती वाटा उरला आहे?" पहिल्या प्रश्नात संशय आहे. दुसऱ्यात हक्क आधीच धरून ठेवलेला आहे.

माझ्या स्वतःच्या क्षेत्रातही कायद्याने हा प्रश्न फिरवला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे मुलाला राज्यातल्या किंवा राज्याबाहेरच्या दुसऱ्या शाळेत जायचे असेल तर मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा आहे. आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. कायदा इतका स्वच्छ आहे. पण एका पालकाने मला विचारले होते, "गुरुजी, दाखला नेला तर पोराची शाळा सुटली असं होतं का?" दाखल्याचे नावच 'शाळा सोडल्याचा' असे. त्याला भीती की हा कागद नेला तर इथले नाव गेले, आणि तिथे घेतले नाही तर दोन्हीकडून गेले. म्हणून तो दाखला नेत नाही, मूल बरोबर नेतो, आणि मूल कोणत्याच हजेरीत राहत नाही. पलीकडे गुजरातीत चालणारी शाळा. अक्षरांच्या डोक्यावरची रेघसुद्धा नाहीशी झालेली. गावातच मुलांना ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे आणि जाणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी कार्ड हे उपाय आपल्या राज्यात झाले. जिथे मास्तर स्वतः मनावर घेतो तिथे ते फळाला येतात, कारण तिथे कागद आणण्याचा भार आठ वर्षांच्या पोरावरून उठून मोठ्या माणसावर येतो.

मूळ प्रश्नाचे उत्तर मला याच दिशेला दिसते, आणि त्याचा दाखला कायद्यातच आहे. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याच्या पंधराव्या कलमात म्हटले आहे की, एखादे कर्ज वेठबिगारीचे आहे असा मजुराचा दावा असेल, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर राहील. हे कलम मी शब्दकोश जवळ घेऊन दोनदा वाचले. केवढी मोठी नीती त्यात सांगितली आहे! ज्याच्या हाती वही आहे, त्यानेच हिशेब द्यावा. ज्याच्या हाती काहीच नाही, त्याच्या शब्दाला आरंभी तरी मान मिळावा. वनहक्काच्या नियमांतही गावच्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे लिहून घेतले तर ते पुरावा म्हणून चालते. मतदारयादीचा १९५० चा कायदाही सांगतो की तात्पुरते बाहेर गेल्याने माणसाचा मूळ ठिकाणचा रहिवास संपत नाही. १९७९ साली परराज्यांत जाणाऱ्या मजुरांसाठी कायदा झाला. मजुराचे छायाचित्र लावलेले पासबुक करून देण्याचे काम त्याने ठेकेदारावर टाकले होते, मजुरावर नव्हे. तो कायदा पुढे २०२० च्या श्रमसंहितेत सामावला गेला. हे सारे एकत्र ठेवून पाहिले तर दिसते की भार समर्थावर असावा हे तत्त्व आपल्याला नवे शोधायचे नाही. ते कायद्यात तुकड्या-तुकड्यांनी पडून आहे. खिडकीपाशी मात्र पोचलेले नाही.

जो कागद सरकारनेच लिहिला, तो सरकारलाच दाखवण्यासाठी माणसाने डोक्यावर का वाहावा? मुलाचा जन्म ग्रामपंचायतीने नोंदला, शाळेचे रजिस्टर शाळेने लिहिले, शिधापत्रिका तहसीलने दिली, जमातीचा दाखला प्रांताच्या सहीने निघाला. हे सगळे ज्याच्या दप्तरात आहे, त्यानेच परमुलखातल्या खिडकीआड बसून विचारायचे, "पुरावा काय?" एका कचेरीने दुसरीला विचारावे, आता तेवढी साधने हाताशी आहेत. मजुराने एक दिवसाची मजुरी बुडवून, एस.टी.चे भाडे खर्चून, दोन कचेऱ्यांमधला टपालवाला का व्हावे? खोटा दावा करणारा अवश्य पकडावा. पण एका लबाडाला शोधण्यासाठी शंभर खऱ्यांना लबाड धरून चालणे हे शोधणाऱ्याच्या आळसाचे लक्षण आहे, आणि आळसाला दक्षतेचे नाव दिले की त्याचे पुण्य होत नाही.

मला पूर्ण कल्पना आहे की जमातीच्या यादीचा पेच एवढ्याने सुटत नाही. तिकडच्या गरिबाचा वाटा आणि इकडून गेलेल्या गरिबाची गरज यांचा मेळ घालणे संसदेचे काम आहे, आणि ते अवघड आहे. पण तो पेच अवघड आहे म्हणून धान्य, शाळा, मत आणि मजुरी यांचे सोपे प्रश्नही त्याच्याच दाव्याला बांधून ठेवणे बरोबर नाही. भुकेचा प्रांत कुठला, असे विचारणे कुणालाही शोभत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांची घरे वसई, विरार, कल्याण, ठाणे या पट्ट्यात आहेत. त्या भिंतींतल्या विटांवर कुठली तरी बोटे उमटलेली आहेत. वर गिलावा आहे म्हणून दिसत नाहीत एवढेच. फराळाचे ताट पुढे आले म्हणजे त्याची खंत करीत बसावे असे मी सुचवीत नाही. सणाच्या दिवशी माणसाने आनंदातच असावे. पण आपल्यातलेच कुणी खिडकीच्या आतल्या बाजूला बसतात: बँकेत, तहसिलीत, शाळेत, रेशनच्या दुकानात. दिवाळीची सुट्टी संपवून ते पुन्हा कामावर जातील, तेव्हा हंगामासाठी आलेला कुणी तरी खिडकीबाहेर उभा असेल. त्याच्याकडे कागद नसेल, तर 'उद्या घेऊन ये' म्हणण्याआधी एकदा मनाशी विचारावे, की हा कागद खरोखर याच्याकडे असायला हवा होता, की माझ्याकडे?